आठवीला कुठे घालायचं?

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याचा तिठा मागे टाकला की थोड्याच वेळात पाली लागतं. इथे एक रस्ता लांज्याकडे निघतो आणि दुसरा नाणीज, साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूरला जातो. बाजार, ग्रामीण रुग्णालय, लक्ष्मीपल्लीनाथाचं देऊळ असल्यामुळे खानू, साठरे, नाणीज अशा आजूबाजूच्या गावांतल्या लोकांचा पालीत राबता असतो. मे महिन्यात या टापूतल्या बऱ्याच घरांत एका प्रश्नावर चर्चा रंगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाची सातवी झाली, आता आठवीला कुठे घालायचं? मुंबईहून सुट्टीवर आलेला काका म्हणतो, रत्नागिरीला टाका. आजी म्हणते, पावसात पोर एस.टी.नं कुठे फिरवता, इथलंच हायस्कूल काय वाईट आहे? आई-वडील बहुतेक गप्प असतात, कारण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे हे त्यांना कळत असतं.

त्या घरांसाठी मी हा लेख लिहितो आहे. गावातल्या अनुदानित माध्यमिक शाळेविषयी आपण फार ढोबळ बोलतो. कुणी तिला नावं ठेवतो, कुणी तिच्या आठवणींनी गहिवरतो. मुलाला तिथे घालण्याआधी ती आतून कशी चालते हे पाहायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे लोक जिला ‘सरकारी हायस्कूल’ म्हणतात ती शाळा बहुधा सरकारची नसते. सातवीपर्यंतची शाळा जिल्हा परिषदेची असते. आठवी ते दहावीची, किंवा पाचवी ते दहावीची, शाळा मात्र महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मुख्यतः खाजगी संस्थांनी काढलेली आहे. इमारत संस्थेची, मैदान संस्थेचं, शिक्षकांचे पगार सरकारचे, आणि देखरेख जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची. शिक्षकांच्या सेवाशर्ती १९७७ च्या कायद्यानं आणि १९८१ च्या नियमावलीनं बांधलेल्या आहेत. मुख्याध्यापक संस्थेला उत्तरदायी असतात आणि शिक्षणाधिकारी कार्यालयालाही. शाळेच्या बऱ्याच अडचणी या दुहेरी कारभारातून येतात. तिची ताकदही तिथूनच येते, कारण संस्था जागरूक असेल तर सरकारी दिरंगाईची वाट न पाहता गळकं छप्पर बदललं जातं.

कोकणात या संस्था उभ्या राहिल्या त्यामागे मोठा इतिहास आहे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पुढे ज्यांना भारतरत्न मिळालं, ते १८७५ मध्ये सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले. तिथे ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. गावात शाळा नसली की मुलाच्या पायांना किती चालावं लागतं, हे या जिल्ह्याला तेव्हापासून माहीत आहे. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं मॅट्रिक व्हायचं तर रत्नागिरी शहर किंवा मुंबई गाठावी लागे. मग १९५९-६० च्या सुमारास कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली, ती ई.बी.सी. सवलत. पगारासाठी अनुदान मिळू लागलं. गिरणीत, गोदीत, कचेरीत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांनी मुंबईत गावाच्या नावानं मंडळं काढली आणि वर्गण्या गोळा करून गावोगाव हायस्कुलं उभी केली. म्हणून इथल्या शाळांच्या भिंतींवर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशा संगमरवरी पाट्या दिसतात. ज्यांना स्वतःला शिकता आलं नाही, अशा माणसांनी पोट मारून दिलेले ते पैसे आहेत. मला त्या पाट्यांविषयी मनापासून आदर आहे. पण आज मुलाचं नाव घालताना पाटीवरचं नाव पाहून चालत नाही, वर्गात कोण उभं आहे ते पाहावं लागतं.

वर्गात कोण उभं असणार, हे ठरवणाऱ्या प्रक्रियेचं नाव आहे संच मान्यता. प्रत्येक शाळेची पटसंख्या ऑनलाइन नोंदवली जाते, विद्यार्थ्यांची आधार नोंद तपासली जाते आणि त्या आकड्यावरून शिक्षकांची किती पदं मंजूर ते ठरतं. पट घटला तर पद कमी होतं आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं हे निकष आणखी कडक केले. वर्गात विसापेक्षा कमी मुलं उरली की पदं धोक्यात येतात. सपाटीवरच्या मोठ्या गावांना याचा फारसा त्रास होत नाही. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, मुंबईकडे जाणारी कुटुंबं आणि घटलेले जन्म असलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र याच नियमानं शाळा ओस पडतात. सगळ्या राज्याला एकच पट्टी लावणं कोकणावर अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेच्या अंगणात एक पऱ्या आणि दोन चढ ओलांडून येणारी अठरा मुलं ही शहरातल्या रिकाम्या तुकडीतल्या अठरा मुलांसारखी मोजता येत नाहीत.

दुसरी अडचण भरतीची. २ मे २०१२ च्या निर्णयानं राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१७ मध्ये ‘पवित्र’ पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी आली, पण भरती टप्प्याटप्प्यानं आणि रखडत होत राहिली. याचा गावातल्या शाळेवर झालेला परिणाम साधा आहे. गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा दोन-तीन वर्षं भरलीच नाही. मग भूगोलाच्या बाई बीजगणित शिकवतात, किंवा संस्था तासिका तत्त्वावर कुणाला तरी तुटपुंज्या मानधनावर आणते आणि तो शिक्षक चांगली नोकरी मिळताच निघून जातो. शिपायांचंही तेच. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयानुसार शिपाई निवृत्त झाला की ते पद संपतं आणि शाळेला फक्त ठोक भत्ता मिळतो. घंटा देणं, प्रयोगशाळा पुसणं, पाण्याची टाकी भरणं ही कामं मग कुणीतरी वाटून घेतं, किंवा होतच नाहीत.

म्हणून हेडसरांना विचारायचा पहिला प्रश्न निकालाचा नसावा. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गणित-विज्ञान आठवी-नववीला नेमकं कोण शिकवतं, हे विचारावं. त्या शिक्षकांची पदवी विज्ञानाची आहे का? ते कायम आहेत, शिक्षण सेवक आहेत की तासिकेवर? त्यांच्या निवृत्तीला किती वर्षं उरली? हे विचारताना संकोच वाटतो, पण हा कुणाचा अपमान नाही. चांगला मुख्याध्यापक या प्रश्नानं सुखावतो, कारण रिक्त जागेसाठी कार्यालयात खेटे घालताना पालकही पाठीशी आहेत हे त्याला हवंच असतं. तोंडी उत्तर पटलं नाही तर शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक घ्यावा (महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ नं सुरू होतो). त्या क्रमांकावर पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. अनुदानित शाळेकडून माहितीच्या अधिकारातही माहिती मागता येते, पण आपल्याच गावात तिथपर्यंत जायची वेळ सहसा येऊ नये.

आता निकालाबद्दल. दहावीचा निकाल लागला की शाळेबाहेर फ्लेक्स लागतो, ‘निकाल १०० टक्के’. पालक तो पाहून निर्णय घेतात, आणि इथे सर्वांत मोठी फसगत होते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे आधी कोल्हापूर विभागीय मंडळात होते. त्यांचं स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झालं आणि २०१२ पासून दहावीच्या निकालात हा विभाग सतत राज्यात पहिला येत आला आहे. २०२४ मध्ये कोकणाचा निकाल ९९.०१ टक्के होता, राज्याचा ९५.८१. २०२५ मध्ये कोकण ९८.८२, राज्य ९४.१०. याचा आनंद जरूर मानावा. कॉपीचं प्रमाण कमी, शिक्षक आणि मुलांमधलं नातं घट्ट, हे कोकणाचं वैशिष्ट्य खरं आहे. पण ज्या विभागात शंभरातली नव्व्याण्णव मुलं उत्तीर्ण होतात, तिथे उत्तीर्णांच्या टक्क्यावरून दोन शाळांची तुलना होऊच शकत नाही. चांगली शाळाही शंभर टक्के आणि जेमतेम शाळाही शंभर टक्के.

२०१९ चं उदाहरण आठवून पाहा. त्या वर्षी भाषा विषयांची २० गुणांची तोंडी परीक्षा बंद झाली होती, अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो एकदम ७७.१० वर आला. पहिला असलेला कोकण विभागही ९६ वरून ८८.३८ वर घसरला. २०२० मध्ये अंतर्गत गुण परत आले आणि राज्य ९५.३० वर, कोकण ९८.७७ वर गेला. एका वर्षात मुलं ढ झाली नव्हती आणि पुढच्या वर्षी हुशारही झाली नव्हती. शाळेच्या हातातले २० गुण किती वजनदार असतात ते त्या वर्षी दिसलं. निकालात ८० पैकी लेखी गुण किती, हे फ्लेक्सवर कुणी लिहीत नाही.

तेव्हा शाळेकडे मागायचं ते वेगळं. मागच्या तीन वर्षांच्या दहावीच्या गुणपत्रिकांचा गोषवारा शाळेत असतो. त्यात गणितात ६० च्या वर किती मुलं होती? विज्ञानात? इंग्रजीत जेमतेम ३५ ते ४५ मध्ये किती अडकली? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, तीन वर्षांपूर्वी आठवीत जेवढी मुलं होती त्यांतली किती दहावीच्या परीक्षेला याच शाळेतून बसली? हा फरक मोठा असेल तर कारण विचारा. काही मुलं मुंबईला गेली असतील, ते कोकणात नेहमीचंच. पण नववीत कच्ची मुलं थांबवून त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणं, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बसवणं, ही शाळेचा निकाल राखण्याची जुनी युक्ती आहे. तसा फॉर्म भरणारी सगळीच मुलं अशी काढलेली नसतात. तो फॉर्म अनेकांना दुसरी संधी देतो. पण एखाद्या शाळेतून दरवर्षी चार-पाच मुलं अशी बाहेर पडत असतील, तर तिचा शंभर टक्के निकाल त्या मुलांच्या पाठीवर उभा आहे. आपलं मूल गणितात कच्चं असेल तर हा प्रश्न आपल्यासाठी इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा आहे. अशा मुलाला सांभाळून घेणारी शाळा हवी, घालवून देणारी नको.

पैशांचा हिशेबही नीट मांडावा. आठवीपर्यंत मुलाला शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण असतं. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, दुपारचा पोषण आहार मिळतो. नववी लागताच यातलं बरंच थांबतं. पुस्तकं विकत आणावी लागतात, डबा घरून न्यावा लागतो. गरीब घरासाठी गळती इथेच सुरू होते, दहावी नापास झाल्यावर नाही. अनुदानित शाळेत फी नाममात्र असते आणि मुलींना राज्यात बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. शिवाय आठवीत एन.एम.एम.एस. परीक्षा देता येते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या आणि सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे खाजगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाला ही दारं बंद होतात. शाळेत या परीक्षेची तयारी करून घेतात का, मागच्या दोन-तीन वर्षांत किती मुलं बसली आणि किती निवडली गेली, हे विचारावं. त्यावरून शाळेची तळमळ निकालाच्या फ्लेक्सपेक्षा जास्त कळते.

रत्नागिरी शहराचं आकर्षण मात्र खरं आहे. तिथल्या जुन्या हायस्कुलांना परंपरा आहे, तुकड्या मोठ्या, विषयाला शिक्षक पूर्ण, शिकवणीचे वर्ग जवळ. पण पालीपासून रत्नागिरी वीसेक किलोमीटर. मुलगा सकाळी अंधारात निघणार, संध्याकाळी दमून येणार. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे आणि मुलांना मोठी सवलत आहे, म्हणजे खर्च भाड्याचा नाही, वेळेचा आहे. रोजचे दोन-अडीच तास म्हणजे वर्षभरात कित्येक पुस्तकं वाचायचा वेळ. त्यात महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं, जुलैत रेड अलर्ट आला की सुट्टी जाहीर होते आणि कधीकधी मूल तोपर्यंत स्टँडवर पोचलेलं असतं. वाडीतून पालीपर्यंत चालत यायचं अंतर वेगळंच. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी, असं २००९ मध्ये राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानानं ठरवलं होतं. त्यामागचं कारण हेच होतं. तेरा वर्षांच्या मुलाचं शरीर आणि झोप यांनाही हिशेबात धरायला हवं. माझ्या मते दहावीपर्यंत गावात राहून शिकणं हेच बहुतेक मुलांसाठी चांगलं आहे, एका अटीवर: गणित-विज्ञानाला माणूस हवा. तो नसेल आणि येण्याची चिन्हंही नसतील, तर आजीचं मन मोडूनही रत्नागिरी गाठावी.

इंग्रजी माध्यमाचा पर्याय पालकांना भुरळ घालतो, कारण अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीत आहे आणि मुलगा तिथे अडखळेल ही भीती आहे. भीती खोटी नाही. पण तिच्यावर सेमी इंग्रजी हा चांगला उतारा आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल मराठीत. मात्र ‘आमच्याकडे सेमी आहे’ एवढं ऐकून समाधान मानू नये. पाटीवर सेमी आणि वर्गात शिक्षक मराठीतून शिकवून वही इंग्रजीत लिहून देतात, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. तो मुलावर दुहेरी बोजा असतो. एखाद्या नववीतल्या मुलाला विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला देऊन त्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत विचारावा. पाच मिनिटांत कळतं.

राजापूर तालुक्यातल्या पडवे इथल्या नवोदय विद्यालयाची वाट सहावीत प्रवेश परीक्षेनं उघडते, नववीतही थोड्या जागा असतात. मूल घर सोडून राहू शकणारं असेल तर तो पर्याय उत्तम, पण तो मोजक्यांना मिळतो.

शाळा पाहायला मे महिन्यात जाऊ नये. तेव्हा खोल्यांना रंग असतो आणि मुलं नसतात. मूल सातवीत असतानाच जुलैच्या एखाद्या धो-धो पावसाच्या दिवशी जावं. छप्पर गळतं का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, कडी लागते का, हे त्या दिवशी दिसतं. प्रयोगशाळेच्या कपाटाला लावलेलं कुलूप गंजलेलं आहे की हाताळलेलं? वाचनालयातली पुस्तकं घरी नेऊ देतात का? मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. तिची बैठक खरंच होते का, हे मुलींच्या आयांनी आवर्जून विचारावं. मुलांना शिक्षा म्हणून मारणं कायद्यानं बंद आहे, पण एखाद्या वर्गाच्या टेबलावर छडी दिसली तर ती पाहून न पाहिल्यासारखं करू नये. चित्रकलेचे शिक्षक असतील तर शाळा एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट परीक्षांना मुलं बसवते का तेही पाहावं. इंटरमीडिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, पण त्याहून मोलाचं म्हणजे हात आणि डोळा तयार होतो.

आता एक गोष्ट मला पालकांना कळकळीनं सांगायची आहे. आपण शाळा पारखतो तेव्हा शाळेचंही काहीतरी पणाला लागलेलं असतं. गावातली पाच-सहा सुस्थितीतली घरं दरवर्षी आपली मुलं बाहेर नेतात, पट घसरतो, संच मान्यतेत एक पद जातं, आणि जे पद जातं ते कधीकधी नेमकं गणिताच्या सरांचं असतं. मग मागे राहिलेल्या मुलांसाठी, म्हणजे ज्यांच्या घरी मूल बाहेर पाठवण्याची ऐपत नाही त्यांच्यासाठी, शाळा आणखी दुबळी होते. याचा अर्थ शाळा वाचवायला आपल्या मुलाचा बळी द्यावा असा नाही. तसं कुणी कुणाला सांगू नये. पण रत्नागिरीचा निर्णय घेण्याआधी एकदा तरी दहा पालकांनी मिळून संस्थेच्या चिटणीसांना आणि हेडसरांना भेटावं. रिक्त पदासाठी शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन द्यावं, संस्थेच्या मुंबईतल्या मंडळाला सांगावं की या वर्षी रंगकामाऐवजी तासिकेच्या शिक्षकाला बरं मानधन द्या. हे घडू शकतं. ज्या मंडळांनी चाळीत खाटेखाली वर्गणीचे डबे ठेवून शाळा बांधल्या, त्यांची पुढची पिढी आज मुंबईत चांगल्या नोकऱ्यांत आहे आणि गणपतीला आणि शिमग्यात पालखी नाचवायला गावात येते. तिला शाळेची खरी गरज कुणी सांगत नाही; सांगितली जाते ती कमानीची.

व्यवहाराचं एवढंच. प्रवेशासाठी आधीच्या शाळेचा दाखला लागतो, तो काढायला जून उजाडेपर्यंत थांबू नये. जन्मतारीख, नावातलं शुद्धलेखन, आईचं नाव हे दाखल्यावर नीट तपासून घ्यावं, कारण पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच येतं आणि दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. आठवीत घातलेली शाळा नाहीच जमली, तर नववीच्या सुरुवातीला बदलता येते. दहावीत बदलायला मंडळाचे नियम आड येतात. म्हणून आठवीची दिवाळी ही खरी कसोटीची वेळ. सहामाहीचा पेपर हातात घेऊन मुलाजवळ बसावं आणि त्याला एक गणित सोडवून दाखवायला सांगावं.